विश्लेषण : काचेच्या दमट पेटीतील माती का सडते?
काचेच्या पेटीत नेचे, शेवाळ आणि त्यात एखादा बेडूक किंवा गेको असे छोटेखानी जंगल म्हणजे व्हिव्हेरियम. पेटीतील हवा सतत दमट ठेवावी लागते आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते. वर सारे हिरवेगार दिसत असताना तळाची माती सडू लागते. बेडूक त्वचेवाटे पाणी शोषतो, त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो.

दुर्गंधी येते कुठून?

हवा दमट असणे वेगळे आणि माती चिंब असणे वेगळे. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू आत पोहोचत नाही. मग त्याच्याविना जगणारे जिवाणू फोफावतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. निरोगी मातीला पहिल्या पावसानंतरचा वास येतो, तो जिओस्मिनचा. झाकण उघडून वास घेणे ही सर्वात स्वस्त तपासणी.

तळाला खडी पुरेशी?

खडीमुळे माती कोरडी राहते, हा समज चुकीचा. बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खाली सोडतच नाही. खडीचा थर फक्त जास्तीचे पाणी साठवतो. त्याची पातळी मातीला टेकली की माती ते वातीसारखे परत वर ओढते. म्हणून कोपऱ्यात नळी ठेवून ते अधूनमधून उपसावे.

खरे काम मिश्रणाचे. अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘एबीजी’ मिश्रणात वृक्षनेच्याचे तंतू, ऑर्किडसाठीची साल, कोळसा, स्फॅग्नम शेवाळ आणि पीट असते. भरड साहित्यामुळे हवा खेळती राहते. आपल्याकडे पीटऐवजी कोकोपीट चालते. मात्र त्यात क्षार असू शकतात, म्हणून आधी धुऊन घ्यावे. खत घातलेली बागेची माती तर नकोच. मूठ आवळल्यावर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

सफाई कोण करणार?

स्प्रिंगटेल हे इवलेसे जीव बुरशी खातात, तर आयसोपॉड कुजकी पाने आणि विष्ठा. प्राणी आणण्याआधी काही आठवडे त्यांना वाढू द्यावे. सुरुवातीला पांढरी बुरशी दिसली म्हणून लगेच माती बदलायला धावू नये. वर वाळलेल्या पानांचा थर हवा. परदेशात ‘इंडियन आमंड लीफ’ म्हणून विकत मिळणारे पान आपल्या रस्त्याकडेच्या देशी बदामाचेच! फवारणी न झालेल्या झाडाखालचे वेचून, उकळून वापरावे.

आणि हो, डार्ट फ्रॉगसारखे ‘साइट्स’ यादीतील परदेशी प्राणी बाळगायचे तर वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी बंधनकारक आहे. विक्रेता ते सांगेलच असे नाही.