डिंगीला किती अश्वशक्ती पुरे?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं: मुलगा-सून परदेशात असतात, शिडाची नौका घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडतात. नांगर टाकल्यावर काठाला जायला रबरी डिंगी आहे, तिच्या मागं लावायला आउटबोर्ड मोटर कोणती घ्यावी? आता तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला, तेही वर्ध्यात, हा प्रश्न! आमच्याकडे पाणी म्हणाल तर धाम नदीचं. पण विचार करता प्रश्न आमच्याच विषयातला निघाला. पुरेसं म्हणजे किती?

१९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्याला १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी बघा. यंत्र हलकं हवं, बाईला सलग ८ तास न दमता चालवता यावं, २० वर्षं टिकावं, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. सूत किती निघावं हीही अट होती, पण ती एकटी नव्हती. (बक्षीस कुणालाच मिळालं नाही, ते असो.)

मोटर घेताना आपण मात्र आधी वेग विचारतो. तीन मीटरच्या डिंगीला २-३ अश्वशक्तीची मोटर ताशी ६-७ किलोमीटरनं नेते. शक्ती दुप्पट केली की वेग दुप्पट होतो का? नाही होत. डिंगी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि जास्तीचं पेट्रोल त्या लाटेत जातं. दोन माणसांसह तो चढ ओलांडून पाण्यावरून घसरायला साधारण ८-१० अश्वशक्ती लागते. मग वेग एकदम वाढतो. मधली ५-६ ची मोटर समोरच्या वाऱ्यात कामाची, पण वेगासाठी घेतली तर पैसे वाया.

आता वजन. अडीच अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक १७-१८ किलोची, दहाची चाळिसाच्या आसपास. लांब जायचं तर हे धूड डोलत्या डिंगीतून नौकेच्या कठड्यावर चढवायचं! विजेच्या मोटरची बॅटरी वेगळी निघते, उचलायला सोपी; पण पूर्ण जोरात चालवली तर बहुतेकींची तासाभरात संपते.

नांगर काठाजवळ टाकत असतील, माणसं दोनच, तर आम्ही छोटीच घेऊ. रोजचा पल्ला दोन-तीन किलोमीटरचा असेल तर दहाची, आणि उचलायला कप्पी. वल्ही दोन्ही बाबतींत हवीतच. वारा समुद्राकडे वाहत असताना मोटर बंद पडली की डिंगी बाहेरच जाते.

आणि दुकानात सूनबाईंनाही न्या. मोटर त्यांना एकटीनं सुरू करता येते का, उचलता येते का, बघा. मुलगा पाण्यात पडला तर आणायला त्याच जाणार आहेत.