गाडीचे ऑइल बदला घरी. जळके ऑइल ओतू नका दारी

भाकरी का करपली? घोडा का अडला? विड्याची पाने का सडली? आजीच्या गोष्टीतल्या या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : न फिरवल्यामुळे. आता त्यात चौथा प्रश्न घाला. मोटारसायकल भर रस्त्यात जाम का झाली? ऑइल न बदलल्यामुळे!

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा चौथा प्रश्न माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका घरी खरोखरच उभा राहिला. सहा एकर जमीन, चार म्हशी, एक ट्रॅक्टर आणि एक शंभर सीसीची मोटारसायकल असे ते घर. थोरला मुलगा रोज सकाळी गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीवर जायचा. एके दिवशी चढावर गाडीने आचका दिला आणि चाक जागच्या जागी थांबले. किक खाली जाईना. दुसरे वाहन मिळेपर्यंत ऊन वर आले आणि दूध नासले. मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा पिस्टन बोअरला चिकटलेला होता आणि आत ऑइल जेमतेम वाटीभर. महिन्याचे दुधाचे बिल त्या दुरुस्तीत गेले.

मी भेटीला गेलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "साहेब, टाकीत पेट्रोल होतं की! मग गाडी बसलीच कशी?"

मी विचारले, "आबा, ट्रॅक्टरचं ऑइल केव्हा बदलता?"

"तास मोजून. अडीचशे तास झाले की बदललंच म्हणून समजा."

"आणि या गाडीचं?"

आबांनी मुलाकडे पाहिले. मुलाने जमिनीकडे पाहिले. उत्तर मिळाले.

विसर का पडतो?

माझ्या वडिलांच्या पिढीने राजदूत चालवली. ती टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोल भरताना त्यात मापाने ऑइल मिसळावेच लागे, त्यामुळे ऑइलची आठवण दर खेपेला आपोआप होई. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढे खेडोपाडी फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य आले. पेट्रोल कमी लागू लागले. पण ऑइल इंजिनाच्या पोटात गेले, डोळ्यांआड झाले. दिसत नाही ते आठवत नाही.

शिवाय या गाड्यांत एकच ऑइल तीन कामे करते. इंजिनाला तेच, गिअरला तेच आणि क्लचच्या पट्ट्या बुडालेल्या असतात त्याही त्याच ऑइलमध्ये. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिनाचे आणि गिअरचे ऑइल वेगवेगळे असे. आता बहुतेक गाड्यांत एका बैलाने नांगर, मोट आणि गाडी तिन्ही ओढावीत तसे झाले आहे. त्या बैलाला वैरण वेळेवरच घातली पाहिजे.

कोणते ऑइल घ्यावे?

ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतायचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळा. ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल क्लचपर्यंत जात नाही; मोटारसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो. मोटारींच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती क्लचच्या पट्ट्यांवर बसली की क्लच घसरतो. इंजिन ओरडते, पण ओझे घेऊन गाडी चढ चढत नाही.

म्हणून डब्यावर दोन गोष्टी वाचा. पहिली, दाटपणाचा आकडा. गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिले असेल तर तेच घ्या, २०डब्ल्यू-५० लिहिले असेल तर ते. "दाट ते चांगले" हा समज चुकीचा आहे. दुसरी, 'जासो एमए' किंवा 'जासो एमए-२' ही अक्षरे. हे ऑइल ओल्या क्लचला चालते, असा त्याचा अर्थ. सीलबंद डबा घ्या, पक्की पावती घ्या आणि रिकामा डबा टाकताना कापून टाका. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भेसळीचे ऑइल भरून विकणारे लोक आहेत.

केव्हा बदलावे?

नेमके किलोमीटर पुस्तिकेत दिलेले असतात, तेच खरे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मीटर फक्त चाकाचे अंतर मोजते, इंजिनाचे कष्ट मोजत नाही. मुरमाच्या रस्त्याने, दोन कॅन लादून, दुसऱ्या गिअरमध्ये चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे इंजिन डांबरी सडकेवर चौथ्या गिअरमध्ये तेवढेच जाणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त फिरते. त्यात धुळीची भर. म्हणून पुस्तिकेतही धूळ आणि जड ओझे असेल तर ऑइल लवकर बदला, असे बहुधा सांगितलेले असते. आपल्याकडे तेच लागू आहे.

ऑइल काळे दिसले की ते संपले असे नाही. चांगले ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवते म्हणून काळे पडते. पण दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा. गाडी ओढ्याच्या पुरातून काढली किंवा पंपाच्या जोरदार धारेने धुतली की असे होऊ शकते. असे ऑइल किलोमीटर न पाहता त्याच दिवशी बदला.

आणि बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा, ऑइलची पट्टी काढून पातळी पाहायची सवय लावा. जुने इंजिन थोडे थोडे ऑइल जाळते. आबांच्या गाडीचे तेच झाले होते.

घरी कसे बदलावे?

सामान थोडे आहे : बोल्टाच्या मापाचा पाना (बहुतेक छोट्या गाड्यांना १७ नंबरचा लागतो), एक जुने घमेले, नरसाळे, चिंध्या, बोल्टाचे नवे वॉशर आणि नवे ऑइल. शंभर सीसीच्या गाडीला साधारण पाऊण ते एक लिटर ऑइल लागते. नेमके माप पुस्तिकेत पाहा. घमेले आणि नरसाळे या कामालाच वेगळे ठेवा. दुधाच्या किंवा स्वयंपाकाच्या भांड्याला हे ऑइल कधीही लागू देऊ नका.

गाडी सपाट जागी, उघड्यावर, मोठ्या स्टँडवर लावा. दोन-तीन मिनिटे इंजिन चालवा, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरेल. बंद गोठ्यात इंजिन चालवू नका, धूर विषारी असतो. मग इंजिन बंद करा. सायलेन्सरला हात लागू देऊ नका आणि लहान मुलांना दूर ठेवा.

आधी वरचे झाकण सैल करून काढा. मग खाली घमेले ठेवून तळाचा बोल्ट काढा. इथेच बहुतेकांची चूक होते. वरून वाकून पाहिले की डावे-उजवे उलटे वाटते आणि बोल्ट सैल होण्याऐवजी आवळला जातो. बोल्टाच्या डोक्यासमोर डोळे आहेत अशी कल्पना करा आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला फिरवा. ऑइल गरम असते, बोटे वाचवा.

दहा मिनिटे निथळू द्या. चावी बंद ठेवून दोन-चार वेळा किक मारा, राहिलेले ऑइल उतरेल. बोल्ट पुसा, वॉशर बदला. बोल्ट परत लावताना पहिले आटे हातानेच बसवा; सहज फिरला पाहिजे. मग पान्याने आवळा, पण पान्यावर पाइप घालून जोर लावू नका. बोल्ट पोलादाचा आणि इंजिन अॅल्युमिनियमचे असते. आटे गेले की दहा रुपयांच्या घाईपायी हजाराचे काम निघते.

आता मापातले तीन हिस्से ऑइल ओता आणि पातळी पाहून बाकीचे घाला. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि पुन्हा पाहा. पुष्कळ गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते; आपल्या गाडीची पद्धत पुस्तिकेत वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणेही वाईटच.

फिल्टरचे काय?

फिल्टर गाड्यागणिक वेगळा असतो. काही गाड्यांत कागदी फिल्टर असतो. तो धुऊन वापरायचा नसतो, पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी नवाच घालायचा. काढताना त्याची दिशा, स्प्रिंग आणि रबराची रिंग नीट पाहून ठेवा. उलटा बसला तर ऑइलचा मार्गच अडतो.

काही गाड्यांत बारीक जाळी असते, ती स्वच्छ करता येते. पुष्कळ शंभर सीसीच्या गाड्यांत मात्र इंजिनाच्या आत गरगर फिरणारी एक वाटी असते. डेअरीत मलई वेगळी काढणारे यंत्र पाहिले असेल, तसेच तिचे काम. फिरताना ऑइलातला जड गाळ कडेला फेकला जातो आणि वाटीत साचतो. ती साफ करायला इंजिनाचे उजवे झाकण उघडावे लागते आणि नवे गॅस्केट लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. ऑइल घरी बदलतो म्हणून मिस्त्रीची गरज संपली, असे मात्र नाही.

माझी अर्धी शिकवण

हे सगळे मी आबांच्या मुलाला अंगणात बसून शिकवले. पोरगा हुशार, एकदा पाहून शिकला. सूनबाई दुधाच्या हिशेबाची वही ठेवतात; त्यांनी शेवटच्या पानावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहायला सुरुवात केली. मी समाधानाने परतलो.

पहिला मोठा पाऊस झाल्यावर पुन्हा गेलो तर घरात वेगळीच चर्चा. म्हशी हौदाला तोंड लावीनात. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. मुलाने दोन वेळचे जळके ऑइल गोठ्याच्या कडेच्या चरात ओतले होते, आणि पावसाच्या पाण्याने ते हौदापर्यंत आणले. आई आणि सूनबाईंनी हौद दोनदा उपसून धुण्याच्या पावडरीने घासला. मुलगा ओशाळून म्हणाला, "साहेब, तुम्ही कुठं टाकायचं ते सांगितलंच नव्हतं."

खरे होते. काढायचे कसे ते मी सांगितले, टाकायचे कुठे ते सांगितले नाही. चूक माझी होती. म्हणून हा भाग आज मुद्दाम लिहितो आहे.

जळक्या ऑइलात काजळी, धातूची भुकटी आणि कर्करोगाला कारण होऊ शकणारी द्रव्ये असतात. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरलेले आहे. एका गाडीचे वर्षाला तीन-चार लिटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण गावात दोनशे गाड्या धरा. सहाशे ते आठशे लिटर झाले, म्हणजे दोनशे लिटरचे तीन-चार बॅरल! ते दरवर्षी आपल्याच शिवारात, आपल्याच विहिरींच्या उशाला ओतायचे का?

जनावरांच्या जखमेवर किंवा अंगावर जळके ऑइल लावू नका. जखमेला पशुवैद्यकाचे औषध आहे. फळझाडांच्या बुंध्यालाही ते फासू नका. त्यासाठी बोर्डो पेस्ट आहे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. गाडीच्या साखळीलाही ते नको. त्यातली भुकटी साखळी खाते. साखळीला ९० नंबरचे स्वच्छ ऑइल द्या. चुलीत किंवा शेकोटीत जाळणे तर नकोच नको. आणि काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा. ऑइलाची चिंधी खिशात ठेवू नका.

मग करायचे काय? ऑइलच्याच रिकाम्या डब्यात ते नरसाळ्याने भरा, घट्ट बूच लावा, वर 'जळके ऑइल' असे लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. असा डबा मात्र लगेच कापायचा नाही. रिकामा झाला की कापा. त्यात पाणी, रॉकेल, दुसरे काही मिसळू नका. तालुक्याला जाताना अशा गॅरेजवर द्या, जिथे जळके ऑइल बॅरलमध्ये साठवून शुद्धीकरण करणाऱ्या परवानाधारकाला दिले जाते. देण्याआधी तेवढे विचारून घ्या. जमल्यास दूध सोसायटीच्या आवारात सगळ्या गावाचा मिळून एक बॅरल ठेवा, छपराखाली आणि कुलपात.

आबांच्या गावात आता तसा एक बॅरल आहे. परवा गेलो तेव्हा मुलगा गाडीखाली घमेले सरकवत होता आणि आबा ओट्यावरून विचारत होते, "डब्याचं बूच घट्ट लावलंस का रे?" सूनबाईंनी वही उघडली आणि मीटरचा आकडा लिहिला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा पेरणीची धांदल सुरू होण्याआधी एक सकाळ गाडीला द्या. पट्टी काढा, पातळी पाहा, वहीत आकडा लिहा. आणि घमेले उचलण्यापूर्वी रिकामा डबा जवळ आहे ना, तेवढे पाहा.