किरकोळ गुन्ह्यांतील अटकेचे पर्याय

किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्यात संशयिताला अटक करून कोठडीत न पाठवता समज, समेट, समुपदेशन, उपचार किंवा केवळ हजर राहण्याची नोटीस अशा एखाद्या उपायाने प्रकरण हाताळणे, यास अटकेचे पर्याय असे म्हणता येते. अटकपूर्व जामीन हा याहून वेगळा विषय आहे. अटकपूर्व जामिनासाठी आरोपीला स्वतः न्यायालयात धाव घ्यावी लागते. येथे अटक न करण्याचा निर्णय पोलीस, समाजकार्यकर्ते किंवा गाव यांच्या पातळीवर होतो.

या पर्यायांत दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ वारंवार होते. काही पर्यायांनी फक्त अटक टळते, खटला मात्र चालतो. काहींनी खटलाच टळतो. भारतातील कायद्याचा भर पहिल्या प्रकारावर आहे. दुसऱ्या प्रकारातील महाराष्ट्राचा सर्वांत व्यापक प्रयत्न म्हणजे १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम होय.

परदेशात ही कल्पना प्रामुख्याने अमली पदार्थांच्या प्रश्नातून पुढे आली. अमेरिकेतील सिॲटल शहरात २०११ पासून किरकोळ अमली पदार्थ बाळगणाऱ्यांना व देहविक्रय करणाऱ्यांना तुरुंगात न नेता थेट समाजकार्यकर्त्यांच्या स्वाधीन करण्याची पद्धत पोलिसांनी स्वीकारली आणि तिचे अनुकरण पुढे इतर शहरांनी केले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रश्न निराळा आहे. तेथे किरकोळ गुन्ह्याचे मूळ बहुधा जमिनीत, वाटेत किंवा भावकीत असते.

ग्रामीण पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, राधानगरीमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्यावरील गाव उदाहरणादाखल घेता येईल. या पट्ट्यातील जमिनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक सातबाऱ्यावर राहिलेल्या असतात आणि वाटेकऱ्यांपैकी निम्मेअधिक मुंबईत चाकरमानी असतात. गडगा पुढे सरकला, पायवाट बंद झाली, काजू कोणी वेचले, गुरे कोणाच्या शेतात शिरली, देवळातील मान कोणाचा, असे वाद वर्षभर धुमसतात. चतुर्थीला किंवा शिमग्याला सर्व वाटेकरी गावी आले की ते उफाळून येतात. बोलाचालीवरून धक्काबुक्की होते आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाते.

कायद्याच्या दृष्टीने पुढचा प्रश्न असा की गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र. साधी दुखापत (भारतीय न्याय संहिता, कलम ११५(२)) किंवा शांतताभंग घडावा अशा हेतूने केलेला अपमान (कलम ३५२) हे गुन्हे अदखलपात्र आहेत. त्यांत न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना तपासही करू शकत नाहीत. फिर्यादीच्या हाती ‘एन.सी.’ची प्रत पडते आणि न्यायालयात जाण्याची समज दिली जाते. त्याच भांडणात कोयतीसारखे धारदार हत्यार उगारले जाऊन जखम झाली, तर मात्र गुन्हा दखलपात्र होतो. एकाच गडग्यावरून झालेल्या दोन भांडणांची वाट अशी क्षणार्धात वेगळी होते.

येथे एक विसंगती आहे. अदखलपात्र गुन्ह्यात अटक नसली तरी प्रतिबंधक कारवाई होऊ शकते. पुन्हा भांडण होण्याची शक्यता दाखवून दोन्ही पक्षांवर शांतता राखण्याचा बंधपत्राचा प्रस्ताव कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदारापुढे, पाठवला जातो. महाराष्ट्रात तो ‘चॅप्टर केस’ या नावाने सर्वपरिचित आहे. शिवाय दखलपात्र गुन्हा घडण्याचा संभव असल्यास त्या व्यक्तीला ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे (जुने कलम १५१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७०). म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी अटक होऊ शकत नाही, त्याच्या मागोमाग येणाऱ्या शक्यतेसाठी ती होऊ शकते. अटकेच्या पर्यायांची चर्चा केवळ गुन्ह्यांच्या कलमांपुरती ठेवली, तर ही बाजू निसटते.

लहानशा अटकेचे परिणामही लहान नसतात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला शासकीय कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. पोलीस भरती, पारपत्र, खासगी नोकरीतील चारित्र्य पडताळणी या प्रत्येक टप्प्यावर जुनी नोंद पुन्हा वर येऊ शकते.

तंटामुक्त गाव मोहीम

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ही मोहीम राज्यभर राबवली गेली. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाप्रमाणे हिलाही स्पर्धेचे स्वरूप देण्यात आले. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडायची, गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची नोंदवही तयार करायची, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचे आणि समेट झाल्यास तो लेखी करून घ्यायचा, अशी तिची रीत आहे. मूल्यमापनात उत्तीर्ण ठरलेल्या गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात एक लाख रुपयांपासून पुढे पुरस्कार देण्यात आले. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, बचत गटातील महिला अशी माणसे समितीत असावीत, अशी अपेक्षा होती. अनेक गावांत समित्यांनी घरून विरोध असलेल्या जोडप्यांचे विवाहही लावून दिले आणि गावकऱ्यांना समिती माहीत झाली ती पुष्कळदा त्यामुळेच.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. मराठा काळात गोतसभा वाद ऐकून निवाड्याचा महजर करीत असे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये न्यायपंचायतींची तरतूद होती; ती पुढे वगळण्यात आली. या जुन्या संस्था निवाडा देत असत. तंटामुक्त समितीला निवाड्याचा अधिकार नाही. ती कोणाला बोलावण्याची सक्ती करू शकत नाही, दंड आकारू शकत नाही आणि दोषीही ठरवू शकत नाही. तिचे सारे बळ संमतीत आहे.

त्यामुळे समितीचे क्षेत्रही ठरून जाते. अदखलपात्र गुन्हे आणि कायद्याने तडजोडपात्र ठरवलेले गुन्हे (फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ३२०, आता कलम ३५९) एवढेच तिच्या आवाक्यात येतात. दुसऱ्याच्या जागेत बेकायदा प्रवेश करणे हा गुन्हा दखलपात्र असूनही तडजोडपात्र आहे, म्हणून वाटेचे पुष्कळसे वाद येथे मिटू शकतात. गोवा बनावटीच्या दारूची चोरटी वाहतूक हा सिंधुदुर्गातील नेहमीचा गुन्हा. पण त्यात समेट करायला समोर फिर्यादी शेजारी नसतो, राज्य असते. अशी प्रकरणे समितीपुढे येऊच शकत नाहीत.

काही गुन्हे वैयक्तिक स्वरूपाचे असूनही तडजोडपात्र यादीत नाहीत. तेथे दोन्ही पक्ष एकदिलाने आले तरी गाव किंवा तालुका न्यायालय खटला मिटवू शकत नाही. उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१२) या निकालाने उच्च न्यायालयाचा हा अधिकार स्पष्ट केला. सिंधुदुर्गातील लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्यापासून फोंडाघाटच्या रहिवाशाला घाट चढून तेथे जाता येते.

नोटीस: अटकेऐवजी हजेरी

अटक करण्याचा अधिकार असणे आणि अटक करण्याचे कारण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जोगिंदर कुमार प्रकरणात १९९४ मध्येच सांगितले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४१-अ हे २०१० पासून लागू झाले आणि अटकेची आवश्यकता नसेल तेथे हजर राहण्याची नोटीस देणे पोलिसांवर बंधनकारक झाले. तरीही पोलिसांची सवय फारशी बदलली नाही. २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात न्यायालयाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची कारणे लेखी नोंदवण्याचे आदेश दिले आणि त्यांचे उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाईसह अवमानाच्या कारवाईचा इशारा दिला.

१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो, त्याला कारणे नोंदवल्याखेरीज अटक करता येत नाही; जो टाळाटाळ करतो, त्याचे हे संरक्षण जाते. याच कलमातील नवी भर अशी की, तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढील किंवा अशक्त व्यक्तीला पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून अटक करता येत नाही. ज्या वाड्यांत आता मुख्यतः वृद्धच राहतात, तेथे या पोटकलमाचे महत्त्व अधिक आहे. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. मुंबईत राहणाऱ्या आरोपीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण हजर न राहिल्याचा ठपका त्याच्यावर तेवढ्यावरून ठेवता येत नाही.

नव्या न्याय संहितेतील समाजसेवेची शिक्षा अनेकदा याच विषयात गणली जाते. ते बरोबर नाही. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी, माल परत केल्यास, समाजसेवेवर भागू शकते. मात्र ती दोषसिद्धीनंतरची शिक्षा आहे.

अल्पवयीन मुले

खटला टाळण्याचे तत्त्व भारतीय कायद्यात स्पष्ट शब्दांत आढळते ते बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये. न्यायालयीन कार्यवाहीचा आश्रय न घेता मुलांची प्रकरणे हाताळण्याच्या उपायांना प्रोत्साहन द्यावे, असे त्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अठरा वर्षांखालील मुलाने प्रौढासमवेत गुन्हा केल्याचा किंवा निर्घृण गुन्ह्याचा आरोप नसेल, तर प्रथम खबर नोंदवायची नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीसह सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही तर ती आपोआप संपुष्टात येते.

मर्यादा

गावाच्या समेटावरील मुख्य आक्षेप असा की तो बरोबरीच्या माणसांमध्ये चांगला होतो आणि विषम माणसांमध्ये त्याचा दबाव बनतो. मारहाण झालेली सून किंवा वस्तीबाहेर राहणारे दलित कुटुंब यांना सर्व गावासमोर ‘मिटवून टाका’ असे सांगितले, तर त्यांच्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे. पुरस्कारासाठी मिटलेल्या तंट्यांची संख्या वाढवण्याच्या ओढीने ही जोखीम वाढते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे म्हणूनच तडजोडीबाहेर आहेत. ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक केले आहे. समेट होईल म्हणून ती नाकारता येत नाही. महिलांच्या तक्रारींबाबत अधिक सुरक्षित वाट टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत दाखवली. महिला व मुलांसाठीच्या त्या विशेष कक्षात गावचे मानकरी नव्हे, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तक्रारदाराच्या बाजूने बसतात.

समेट नाकारणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यान्वये स्वतंत्र गुन्हा आहे.

समितीपुढील तोंडी समेटाला न्यायालयात फारसे वजन नसते आणि पुढच्या चतुर्थीला तोच वाद पुन्हा उभा राहू शकतो. लेखी समेट तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीपुढे ठेवला, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील चालत नाही.