काशीच्या खाद्ययात्रेत स्थळाइतकीच वेळही महत्त्वाची

वाराणसी : काशीयात्रेस येणाऱ्या मराठी भाविकांना संकठा घाटाचा परिसर परका वाटत नाही. एका बाजूस ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविलेला शिंदे घाट, दुसऱ्या बाजूस नागपूरकरांचा भोसले घाट आणि त्यांच्या दरम्यान संकठा देवीचे स्थान. दर्शन आटोपल्यावर प्रश्न उरतो तो भोजनाचा. त्याचे उत्तर घाटामागून चौकाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत मिळते. मात्र येथील बहुतेक पदार्थांच्या वेळा ठरलेल्या असून वेळ चुकली की पदार्थही हुकतो.

सकाळ कचौरी-जिलेबीची असते. ठठेरी बाजार व कचौरी गल्लीत उडदाच्या डाळीचे सारण भरलेली कचौरी बटाट्याच्या रस्साभाजीसह मिळते. उशिरा येणाऱ्यांना मात्र अनेकदा रिकाम्या हाती परतावे लागते. स्वातंत्र्यलढ्याशी नाते सांगणारी तिरंगी बर्फी हीदेखील याच बाजाराची ओळख असून, तिला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

मलइयो हा पदार्थ केवळ हिवाळ्यातच मिळतो. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळले जाते. त्यावर येणारा केशर-वेलचीयुक्त फेस मातीच्या कुल्हडात दिला जातो. ऊन चढताच फेस बसू लागतो. त्यामुळे तो सकाळीच खावा लागतो. उन्हाळ्यात मलइयो म्हणून काही पुढे आल्यास ग्राहकांनी सावध राहावे.

सायंकाळी गोदौलिया व दशाश्वमेध परिसरात टमाटर चाट आणि थंडाई यांना मागणी असते. भोजनाची सांगता २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या बनारसी पानाने होते.

पूर्ण जेवण हवे असल्यास विश्वनाथ मंदिरानजीकच्या अन्नपूर्णा मंदिराचे अन्नक्षेत्र आहे. तेथे भाविकांना विनामूल्य प्रसाद दिला जातो. अन्नपूर्णेच्या काशीत कोणी उपाशी राहत नाही, ही श्रद्धा या व्यवस्थेमागे आहे.

ज्येष्ठ यात्रेकरूंनी एक बाब ध्यानात घ्यावी. या गल्ल्यांत मोटारी जात नाहीत. चौकापर्यंतचे अंतर पायीच कापावे लागते. पावसाळ्यात गंगेचे पाणी चढले की पायऱ्या बुडतात आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट बंद होते. अशा वेळी गल्लीचाच मार्ग धरणे सुरक्षित ठरते.