बोटावरचा आकडा सगळ्यांसाठी सारखाच खरा असतो का?

कोरोनाच्या काळात आपल्यापैकी अनेक तरुणांनी वस्त्यांमध्ये घरोघरी फिरून लोकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत सप्टेंबर २०२० पासून राज्यभर हेच काम चालू होते. बोटाला चिमटा लागला आणि ९६-९७ दिसले की घरातले निर्धास्त व्हायचे आणि आपण पुढच्या दाराशी जायचो. तो आकडा या माणसासाठी खरा आहे का, हा प्रश्न आपल्याला पडला नव्हता. अमेरिकेत मात्र तेव्हाच तो विचारला जात होता.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. ऑक्सिजन असलेले रक्त लालभडक आणि ऑक्सिजन कमी असलेले काळपट, हे आपण शाळेत शिकलो. ऑक्सिमीटर हाच फरक मोजतो. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटात सोडला जातो, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. पलीकडे किती प्रकाश पोहोचला, हे समोरचा सेन्सर बघतो. पण बोटात नुसते रक्त नसते, त्वचा, हाड, नखही असते. जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात यावर उपाय शोधला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातले रक्त वाढते आणि कमी होते, बाकीचे सगळे तसेच राहते. म्हणून फक्त बदलणारा भाग मोजायचा आणि स्थिर भाग वजा करायचा. कल्पना खरोखरच सुंदर आहे. त्वचेचा रंगही स्थिर, म्हणजे तोही आपोआप वजा झाला, असे मानले गेले.

पण तो पूर्णपणे वजा होत नाही. त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषते. शिवाय यंत्राला मिळालेल्या प्रकाशाचे टक्केवारीत रूपांतर कसे करायचे, हे कोणत्याही शुद्ध सूत्रातून येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजन असलेली हवा देतात, त्यांच्या धमनीतले रक्त तपासतात आणि यंत्राचे आकडे त्याच्याशी जुळवतात. म्हणजे त्या खोलीत कोण बसले होते, यावर यंत्राचे 'खरे' ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या नियमानुसार चाचणीत किमान १० माणसे आणि त्यांत गडद त्वचेची किमान २ किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढी, पुरेशी होती. यंत्रात कोणी मुद्दाम द्वेष भरलेला नाही. मोजणीत ज्यांना धरले नाही, त्यांच्यासाठी माप चुकते एवढेच. आणि हे 'एवढेच' किती महाग पडते, ते पुढे दिसले.

खरे तर इशारे जुने होते. गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये आकडा चुकतो, असे १९९० मध्येच एका अभ्यासात दिसले होते. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनीही, ऑक्सिजन कमी असताना यंत्र तो जास्त दाखवते, हे नोंदवले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये एमआयटीतील मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांनी 'बोस्टन रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून या जुन्या नोंदी पुन्हा पुढे आणल्या. त्यानंतर मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या आणि डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन असल्याचे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत आढळले. कृष्णवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ११.७ टक्के होते. म्हणजे तिपटीहून जास्त.

कोरोनात उपचार आकड्यावर ठरत होते. ९४ च्या वर असाल तर घरी थांबा, खाली गेलात तर औषध, ऑक्सिजन, खाट. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, यंत्राच्या याच चुकीमुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्ण उपचारास पात्र आहेत हे उशिरा लक्षात आले किंवा लक्षातच आले नाही, असे दिसले. माणूस धापा टाकतोय आणि यंत्र म्हणतेय, ठीक आहे. अशा वेळी कोणाचे ऐकले जाते, हे आपल्याला सांगायला नको.

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेतले हे आकडे उचलून इथल्या जातींना लावू नयेत. रंगावरून जात ओळखता येते हा खुळा समज आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये १९३६ सालीच सांगितले आहे. प्रश्न मेलॅनिनचा आहे आणि गडद त्वचा आपल्याकडे सगळ्या समाजांत आहे. म्हणूनच तो आपलाही आहे.

मनगटावरच्या घड्याळांचे काय? ती ठोके मोजायला बहुधा हिरवा प्रकाश वापरतात आणि मेलॅनिन हिरवा प्रकाशही शोषते. मात्र ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात ठोक्यांच्या मोजणीत रंगानुसार लक्षणीय फरक आढळला नाही. हात हलत असताना मात्र चूक वाढली. तेव्हा सगळीच यंत्रे सारखी दोषी आहेत असे म्हणणेही बरोबर नाही.

दबाव वाढल्यावर हालचाल झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चाचणीसाठी १० ऐवजी १५० किंवा जास्त माणसे सुचवली आहेत आणि त्वचेच्या छटा ठरवण्यासाठी समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची पट्टी. पण घराघरांत आज पडून असलेली यंत्रे जुन्याच मापाची आहेत.

ती फेकून देऊ नका. घरात दम्याचा किंवा फुप्फुसाचा रुग्ण असेल तर तब्येत चांगली असतानाच त्याचा आकडा चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवा. बोट गरम असावे, नखाला रंग नसावा, हात स्थिर असावा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी. नेहमी ९८ असणाऱ्याचे ९४ झाले तर '९४ म्हणजे ठीक' असे म्हणू नका, चार अंकांची घसरण डॉक्टरांना सांगा. आणि धाप लागत असेल, बोलताना दम तुटत असेल, ओठ किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, तर यंत्रावर ९७ असले तरी दवाखाना गाठा. तिथे शंका उरली तर मनगटाच्या धमनीतले रक्त घेऊन ऑक्सिजन तपासता येतो. ती तपासणी करता येईल का, हे विचारायला संकोच करू नका.