पावसाळ्यात सातेरी कशी जगवायची

थंड देशांतल्या मधपाळाला हिवाळ्याची धास्ती असते. फुले संपतात, बर्फ पडतो आणि पेटीतल्या माशा एकमेकींना बिलगून घट्ट गोळा करून बसतात. उडण्याचे स्नायू थरथरवून त्या ऊब निर्माण करतात आणि त्यासाठी लागणारी ताकद साठवलेल्या मधातून घेतात. हिवाळा लांबणाऱ्या भागात एका वसाहतीसाठी वीस किलो किंवा त्याहूनही जास्त मध पेटीत ठेवावा लागतो. आपल्या सह्याद्रीत माशीवर हीच वेळ येते, पण ती जूनमध्ये. थंडीत घाटमाथ्यावर काही ना काही फुललेले असते. पावसाळ्याचे चार महिने मात्र माशीला बाहेर पडणेच मुश्किल होते, आणि पडली तरी हाती फारसे काही लागत नाही.

महाबळेश्वर परिसरात हे सगळ्यात ठळकपणे दिसते. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय इथेच आहे आणि देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून 2022 साली जाहीर झालेले मांघरही इथलेच. इथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पेट्यांमधली माशी म्हणजे आपली देशी सातेरी. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या बहरावर ती उन्हाळ्यात पोळी भरते, मे महिन्यात मध निघतो आणि मग आभाळ भरून येते. दर पावसाळ्यात काही वसाहती संपतात, काही पेटी सोडून निघून जातात. यातले बहुतेक नुकसान टळण्यासारखे असते, म्हणून हे सविस्तर सांगावेसे वाटते.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी. पावसाळ्यात मेलेल्या वसाहतींपैकी बहुतेकींचा जीव पाण्याने गेलेला नसतो, उपासमारीने गेलेला असतो. अशी पेटी उघडली की ओळख लगेच पटते. पोळ्याच्या रिकाम्या घरांमध्ये माशा डोके खाली घालून मेलेल्या असतात, पोटाची टोके तेवढी बाहेर दिसतात. घराच्या तळाशी चाटायला काही उरले आहे का, हे शोधता शोधता त्या गेलेल्या असतात. आणि ही उपासमार जुलैत दिसली तरी तिची सुरुवात मे महिन्यात, मध काढताना झालेली असते.

सातेरीच्या पेटीत खाली पिलाव्याची कोठी असते आणि वर मधाची कोठी. खालच्या कोठीत राणी अंडी घालते, पिल्ले वाढतात, आणि त्याच चौकटींच्या वरच्या कडेला माशा स्वतःच्या खाण्यासाठी मधाची पट्टी भरतात. वरच्या कोठीतला मध आपला, खालचा माशांचा, हा नियम प्रत्येक प्रशिक्षणात शिकवला जातो. तरी हंगामाच्या शेवटी खालच्या चौकटींवरची पांढरी, मेणाने बंद केलेली पट्टी पाहून हात थांबत नाही. सातेरीची वसाहत वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, त्यामुळे एकेक किलोचे महत्त्व मधपाळाला कळते, हे मान्य. पण हिशेब करून पाहा. टंचाईत एका वसाहतीला आठवड्याला सुमारे 200 ग्रॅम साखर द्यावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. सोळा आठवड्यांची ही साखर सव्वातीन किलोच्या घरात जाते. मधात साखरेचे प्रमाण अंदाजे 80 टक्के धरले, तर तेवढ्याच पोषणासाठी चार किलो मध लागेल. खालच्या कोठीत दीड-दोन किलो बंद मध राहू दिला तर निम्मी लढाई मे महिन्यातच जिंकली. माझ्या मते शेवटच्या काढणीत वरच्या कोठीतलीही एखादी भरलेली चौकट मागे ठेवावी. साखरेच्या पाकात परागकण, क्षार आणि मधातले बाकीचे घटक नसतात. तो पोट भरतो, पण तो मध नव्हे.

मे अखेरचे दुसरे काम म्हणजे वसाहतींची मोजदाद. माशांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या पाच-सहा चौकटी असतील तर ती वसाहत पावसाळा काढेल. दोन-तीनच असतील तर ती एकटी तगेल या आशेवर राहू नये. पिलाव्याला 34-35 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते राखायला पुरेशा माशा लागतात. त्यातल्या बऱ्याचशा या कामात अडकल्या तर पहाऱ्याला, सफाईला आणि उघडीप मिळताच बाहेर जायला कोण उरणार? अशा दोन कमजोर वसाहती एकत्र कराव्यात. दोघींतली जुनी, कमी अंडी घालणारी राणी काढावी. संध्याकाळी चांगल्या राणीच्या पेटीवर बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि त्यावर दुसरी कोठी ठेवावी. माशा कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचे वास एकमेकांत मिसळतात आणि मारामारी टळते. मधपाळाला पेट्यांचा आकडा कमी झालेला आवडत नाही, हे खरे. पण जूनमध्ये चार पेट्या मोजून सप्टेंबरात एकच उरण्यापेक्षा दोन धडधाकट वसाहती केव्हाही बऱ्या.

आता पेटी. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून दार पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे असावे. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवली की आत गेलेले पाणी आपोआप बाहेर येते. दार दोन बोटांएवढे ठेवून बाकीचे बंद करावे. छपरावर पत्रा किंवा गवताचा जाड थर चांगला बांधावा आणि तो पुढे दारावर वीतभर येऊ द्यावा. प्लास्टिकने मात्र पेटी चारही बाजूंनी गुंडाळू नये. आतल्या माशांच्या श्वासाची आणि मधातून उडणाऱ्या पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट लागते. ती कोंडली की रिकाम्या पोळ्यांवर बुरशी धरते आणि उघडा मध आंबतो.

फटींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. युरोपियन माशी झाडांची राळ गोळा करून पेटीच्या फटी स्वतः लिंपते. सातेरी राळ गोळाच करत नाही. कोठ्यांच्या सांध्यांत किंवा कुजलेल्या कोपऱ्यात फट राहिली तर ती तशीच राहते, आणि तिथून पाणी, मुंग्या, मेणकिड्याचा पतंग असे सगळेच आत येतात. जूनच्या आधी शेण-मातीने या फटी बुजवणे हे आपलेच काम. पेटी ज्या घोड्यावर ठेवतात त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये असतात, त्यांत पावसाळ्यात पालापाचोळा पडून मुंग्यांना पूल तयार होतो. त्या वाट्याही अधूनमधून साफ कराव्या लागतात.

माशा ज्या चौकटींवर बसत नाहीत त्या काढून घ्याव्यात आणि उरलेल्या जागेत विभाजन फळी घालून घर आवळावे. याची दोन कारणे आहेत. लहान जागा उबदार ठेवायला कमी मध लागतो, आणि माशा नसलेले पोळे म्हणजे मेणकिड्याला मोकळे रान. त्याच्या अळ्या मेणातून बोगदे करत जातात आणि मागे जाळे सोडतात. सातेरी या किडीला फार लवकर वैतागते आणि घर सोडते. तळपाटावर साचलेला मेणाचा भुगा दर आठवड्याला झाडून काढला तर ही कीड बरीच आटोक्यात राहते. काढलेल्या चौकटींपैकी फिकट, नवी पोळी जपून ठेवावीत, कारण एक किलो मेण तयार करायला माशांना त्याच्या कित्येक पट मध खावा लागतो. काळी पडलेली जुनी पोळी मात्र वितळवावीत.

पाक देण्याचे तंत्र सोपे आहे, पण त्यातल्या चुका महाग पडतात. साखर आणि पाणी समप्रमाणात घ्यावे. पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी आणि पाक पूर्ण थंड होऊ द्यावा. गूळ किंवा काकवी वापरू नये. त्यातले न पचणारे घटक माशीच्या पोटात साचतात, आणि झडीमुळे चार-चार दिवस बाहेर जाता आले नाही की पेटीतच हगवण सुरू होते. पाक करवंटीत घालून त्यावर काड्या तरंगत्या ठेवाव्यात, नाहीतर माशा बुडतात. दुसरा मार्ग म्हणजे झाकणाला खिळ्याने चार-पाच बारीक भोके पाडलेली बरणी चौकटींच्या वर उलटी ठेवणे. काहीही केले तरी पाक पेटीच्या आतच आणि संध्याकाळी द्यावा. दिवसा दिला आणि दोन थेंब बाहेर सांडले तरी शेजारच्या पेट्यांतल्या माशा वासाने येतात आणि लूटमार सुरू होते. तिच्यात कमजोर वसाहत एका दुपारीत संपते. म्हणूनच एका ठिकाणच्या सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी पाक द्यावा.

एकदम भरपूर पाक देऊन मोकळे व्हावे असे वाटते, पण पावसाळ्यात ते चालत नाही. माशा पाक घेतल्यावर त्यात आपल्या ग्रंथींतले विकर मिसळून साखरेचे विघटन करतात आणि पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. हवाच ओलीचिंब असताना पाणी उडायला फार वेळ लागतो, आणि अर्धवट सुकलेला पाक आंबतो. म्हणून एका-दोन रात्रींत संपेल एवढाच द्यावा. सतत झड लागली असेल तर पाणी कमी करून दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक करणे बरे.

साखरेने उडण्याची आणि उबेची ताकद मिळते, पिल्ले मात्र परागकणांवर वाढतात. कामकरी माशी कामाच्या दिवसांत जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. जूनमध्ये पिलावा थांबला तर ऑगस्टपर्यंत जुन्या माशा संपत जातात आणि त्यांची जागा घ्यायला कोणी नसते. सप्टेंबरात फुले येतात तेव्हा पेटीत गोळा करणाऱ्या माशाच उरत नाहीत. म्हणून उघडीप मिळाली की दारापाशी पाच मिनिटे बसून पाहावे. मक्याच्या तुऱ्यावरून आलेल्या माशीच्या मागच्या पायांवर फिकट पिवळे गोळे असतात. तेरड्याच्या फुलात शिरून आलेली माशी पाठीवर पांढुरका पट्टा घेऊन येते. असे पराग आत जात असतील तर राणी अंडी घालत असण्याची आशा धरता येते. आठवडाभर उघडीप असूनही काहीच येत नसेल, किंवा दारात फेकलेली पांढरी पिल्ले दिसत असतील, तर परागाला पूरक खाद्य द्यावे. तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ, साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि खाद्य यीस्ट हे घट्ट पाकात मळून लहान वडी करावी आणि चौकटींच्या डोक्यावर ठेवावी.

उपासमारीपुढे सातेरी वेगळाच निर्णय घेते. पिलावा थांबतो, राणी सडपातळ होते, उरलासुरला मध माशा पोटात भरून घेतात आणि पहिल्या चांगल्या उन्हात सगळी वसाहत उडून जाते. पेटीत फक्त रिकामी पोळी राहतात. दाराला राणीफाटक लावले तर राणी अडते आणि तिच्यामुळे बाकीच्या थांबतात. हा उपाय चार-सहा दिवसांची उसंत देतो, तेवढ्यात खाद्य दिले तर. उपाशी वसाहत फाटक लावून तशीच कोंडून ठेवणे हा मला अन्याय वाटतो.

पेटी उघडण्याची घाई मात्र करू नये. भर पावसात चौकट बाहेर काढली की पिलावा गारठतो. रोजची तपासणी हाताने होते. पेटीची मागची कड बोटभर उचलून वजन अजमावावे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ही सवय ठेवली तर महिन्याभरात हाताला फरक कळू लागतो, आणि पाक कोणाला आधी द्यायचा हे झाकण न काढता ठरवता येते. उघडायचीच असेल तर उघडीप पाहून, दुपारी आणि काही मिनिटांपुरती.

ज्यांना जमते त्यांनी जूनच्या सुरुवातीला पेट्या रात्री दाराला जाळी लावून पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावात हलवाव्यात. महाबळेश्वरहून घाट उतरून वाईकडे गेले की पाऊस फारच थोडा आणि शेतात मका, बाजरी, पुढे कारळे असते. मात्र तिथे पिकांवर औषध फवारणी कधी आहे हे शेतकऱ्याला विचारूनच जागा ठरवावी.

सप्टेंबरात पाऊस ओसरतो, तेरडा बहरात येतो आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवीही फुलते. पराग येऊ लागले, पिलावा पसरला आणि चौकटींच्या कडांवर ताजा मकरंद चमकू लागला की पाक बंद करावा. वरची कोठी त्यानंतरच चढवावी, पाक चालू असताना कधीही नाही. नाहीतर माशा तीच साखर वर नेऊन ठेवतात, आणि मध म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती साखरेचा पाक पडतो.