'पॉश'चा बोटीशी काही संबंध नाही

पॉश वस्ती, पॉश हॉटेल, पॉश शाळा. हा शब्द आता आपल्या बोलण्यात मुरला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या जन्मकथेबद्दल. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता गप्प बसवत नाही.

कथा अशी: पी अँड ओ कंपनीच्या आगबोटीने विलायतेहून मुंबईला येताना श्रीमंत साहेब उन्हाचा त्रास नको म्हणून डावीकडची खोली घेत आणि परतताना उजवीकडची. त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरे छापत. तेच पॉश!

एडनहून मुंबईकडे येणाऱ्या बोटीची डावी बाजू उत्तरेकडे असते, हे खरे. म्हणूनच कथा पटते. पण तसे एक तरी तिकीट दाखवा! आजवर एकही सापडलेले नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनाही या कथेला पुरावा मिळाला नाही. 'पंच' साप्ताहिकाच्या १९१८च्या व्यंगचित्रात हा शब्द झकास या अर्थाने येतो. बोटीची कथा छापून आलेली दिसते ती १९३०च्या दशकात. शब्द आधी, कथा मागून.

खरा माग त्याहूनही मागे जातो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरट्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर, पैसा. तो आला रोमानी भाषेतून. तिथे त्याचा अर्थ 'अर्धा', म्हणजे अर्धी पेनी. पैशावरून पैसेवाला, त्यावरून ऐटबाज, असा हा प्रवास झाला असावा. शेवटचा टप्पा सिद्ध झालेला नाही, पण निदान त्याला छापील आधार आहेत. आणि रोमानी ही भारतातून गेलेल्या लोकांची भाषा. तिच्यातला हा 'अर्धा' संस्कृत 'पार्श्व'पासून आला, म्हणजे बाजू. आपल्या 'माझ्यापाशी'तला 'पाशी'ही त्यातूनच आला. हे नाते सोडून लोक तिकीट शोधत बसतात!

आद्याक्षरांच्या अशा इतर कथाही खोट्याच. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे नव्हेत. 'न्यू'चेच ते अनेकवचन. 'गोल्फ'मध्ये स्त्रियांना बंदीची पाटी दडलेली नाही. स्कॉटलंडच्या १४५७च्या कायद्यातही तो शब्द आहे. 'एसओएस' ही आत्म्यांसाठीची हाक नाही, मोर्समध्ये सहज ओळखू येणारी खूण आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याला आपण पॉश म्हणतो, ती मात्र खरी आद्याक्षरे. शब्दसंग्रहाची पुस्तके काढणाऱ्यांना विनंती आहे, पुढच्या आवृत्तीत ती बोट वगळा.